इंदुरात उत्तर ९८१ येत नाही: प्रॅक्टिकलच्या फाइली तपासणाऱ्या अध्यापकांना खुले पत्र

प्रति,
इंदूरच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारे अध्यापक आणि अभ्यास मंडळाचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी शिक्षिका नाही. इंदूरच्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून २९ वर्षं काम केलं आणि निवृत्त झाले. कपाटातून सामान काढून देणं, बॅच सुटली की मोजून परत घेणं, सोडियमचा दिवा वेळेआधी लावून ठेवणं, तुटलेला दोरा बदलणं, हे माझं काम होतं. मुलं सरांना विचारत नाहीत ते आम्हाला विचारतात, आणि फाइलीत लिहीत नाहीत ते टेबलावरच्या चिठोऱ्यावर लिहितात. बॅच गेल्यावर टेबलं आवरताना ते चिठोरे माझ्या हाती यायचे. फाइली तपासून व्हायच्या तेव्हा त्याही माझ्याच कपाटात यायच्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहणारी बहुधा मी एकटीच असेन. म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रातले नातेवाईक तिला जर्नल म्हणतात, आपल्याकडे ती प्रॅक्टिकल फाइल. खजुरी बाजारातून आणलेली, एक पान रेघांचं, एक कोरं. रेघांच्या पानावर उद्दिष्ट, उपकरणं, सूत्र, कृती, खबरदारी. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता. पहिल्या वर्षाचा पहिला प्रयोग बहुतेक ठिकाणी एकच: साध्या लोलकाने (दोऱ्याला टांगलेल्या गोळीने) गुरुत्वीय त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढा. आणि २९ वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक फाइलींत त्याचं उत्तरही एकच, ९८१ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग. कुणाचं ९८०.६, कुणाचं ९८१.४. यापलीकडे फारसं कुणी जात नाही.

इंदुरात हा आकडा ९८१ नाही. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला तो सुमारे ९७८ आहे आणि ध्रुवांवर ९८३.२. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मधोमध फुगीर आहे, म्हणून जागेप्रमाणे तो बदलतो. उंचीवर गेलं की आणखी थोडा कमी होतो. आपण पावणेतेवीस अक्षांशाच्या आसपास, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच पठारावर. हिशेब केला तर इंदूरचा आकडा ९७८.६ च्या आसपास येतो. (मुंबई आपल्याहून दक्षिणेला, पण समुद्राकाठी, त्यामुळे तिथलाही जवळपास हाच.) ९८०.९ हा पॅरिसचा आकडा, ९८१.२ लंडनचा. राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर दोरा टांगून आमची मुलं दर वर्षी पॅरिस आणि लंडनच्या मधलं उत्तर काढतात.

यावर एका सरांनी मला सांगितलं होतं, की हा फरक पाव टक्क्याचा आहे, आपल्या स्टॉपवॉचला तो कळतसुद्धा नाही. अगदी बरोबर. एक मीटरचा लोलक २० आंदोलनांना ४० सेकंदांहून थोडासा जास्त वेळ घेतो. बटण दाबायला एक दशांश सेकंद इकडेतिकडे झाला, की उत्तर पाच एककांनी हलतं. म्हणजे २५ मुलांनी खरोखर वेळ मोजली, तर त्यांची उत्तरं ९६५ पासून ९९० पर्यंत विखुरलेली दिसायला हवीत. ती सगळी ९८० आणि ९८२ च्या मध्ये दाटीवाटीने बसली असतील, तर ती घड्याळातून आलेली नाहीत. उत्तर आधी ठरवलं, त्यावरून टी-स्क्वेअर (एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग) काढला, त्यावरून वेळ. आधी कळस, मग पाया. पोरं याला उलटं गणित म्हणतात आणि ते इतक्या सफाईने करतात, की तेवढ्या वेळात प्रयोग दोनदा झाला असता.

मी मुलांना दोष देत नाही. ती हे कशी शिकतात ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रामबागेकडून येणारी एक मुलगी होती, मराठी घरातली, म्हणून मला काकू म्हणायची. पहिल्या वर्षाला होती. तिने लोलकाचा प्रयोग फार मन लावून केला. दोऱ्याची लांबी ६०, ८० आणि १०० सेंटीमीटर. प्रत्येक लांबीला २० आंदोलनांची वेळ दोनदा मोजली. सरासरी आली ३१.६०, ३६.३५ आणि ४०.५५ सेकंद. सूत्रात घातल्यावर उत्तरं आली ९४९, ९५६, ९६०. त्यांची सरासरी ९५५. तिने टी-स्क्वेअर आणि लांबीचा आलेख काढला, तो सरळ रेषेत आला, पण आरंभबिंदूतून गेला नाही.

तिच्या सरांनी फाइलीवर लाल शाईने ‘रिपीट’ लिहिलं आणि सांगितलं, रेषा शून्यातून जायला हवी, सूत्रातच तसं आहे. पुढच्या आठवड्यात तिने ९७९.८ आणलं. कोऱ्या पानावर खोडरबराने पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा उजेडात धरल्या तर दिसत होत्या. रेषा शून्यातून जात होती. सरांनी सही केली, शेजारी ‘गुड’ लिहिलं.

पहिल्या दिवसाचा तिचा चिठोरा मात्र वजनांच्या पेटीखाली राहिला होता. मी तो घरी नेला. रात्री जेवणं झाल्यावर आलेखाच्या कागदावर तेच तीन बिंदू मांडले आणि रेषा जाईल तिकडे जाऊ दिली. रेषेच्या चढावरून आकडा आला ९७८. आणि रेषा मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे, उणे १.९ सेंटीमीटरच्या जवळ भेटली.

दुसऱ्या दिवशी लवकर गेले आणि कपाटातून तीच गोळी काढली. व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजला: २.५२ सेंटीमीटर. म्हणजे त्रिज्या १.२६. वरचा हुक सहा मिलिमीटर. दोन्ही मिळून १.८६. पोरीने दोऱ्याची लांबी गाठीपर्यंतच मोजली होती, गोळीच्या मध्यापर्यंत नाही. प्रत्येक लांबी तेवढीच कमी धरली गेली होती. म्हणून तर उत्तर लांबीबरोबर वाढत होतं, ९४९, ९५६, ९६०: आखूड दोऱ्याला ती पावणेदोन-दोन सेंटीमीटरची चूक जास्त नडते, लांब दोऱ्याला कमी. इतकं नेमकं जुळण्यात थोडा योगही असेल. हाताने दाबलेल्या घड्याळावरून काढलेला चढ दहाएक एककांनी सहज चुकू शकतो. पण शून्यातून न जाणारी ती रेषा खरं सांगत होती. तिने न मोजलेली गोळीची त्रिज्या त्या रेषेत उतरली होती. भौतिकशास्त्रात याहून सुंदर गोष्ट मी माझ्या हातांनी तरी केलेली नाही.

तिला हे सांगेपर्यंत दोन आठवडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे माझं बरोबर होतं का काकू?” मी म्हटलं, “तुझी रीडिंग बरोबर होती. लांबी कुठून कुठवर मोजली ते लिहायचं राहिलं.” ती म्हणाली, “आता तर फाइल जमा झाली.”

माझं म्हणणं या एकाच गोष्टीत आहे. ‘रिपीट’च्या जागी कुणी ‘का?’ एवढं लिहिलं असतं, तर त्या मुलीने आयुष्यातला पहिला वैज्ञानिक अहवाल लिहिला असता. गुण तिला ९५५ साठी कमी मिळाले आणि ९७९.८ साठी जास्त. त्यातून जे शिकायचं ते ती शिकली.

चुकीचं उत्तर पुष्कळ काही सांगतं, फक्त ते पुसलं जाता कामा नये. कुणाचं १०८४ च्या आसपास आलं, की मी टेबलाशी जाऊन सांगायचे, “शून्यापासून मोज.” घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटलं, तर २० म्हणेपर्यंत आंदोलनं १९ च होतात, आणि उत्तर जवळजवळ ११ टक्क्यांनी फुगतं. दर वर्षी दोन-चार जणांचं व्हायचं. मुलं चकित व्हायची, की काकूंना न पाहता कसं कळलं. आकड्यानेच सांगितलं होतं.

नायट्रोजनची गोष्ट तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहे, तरी ती इथे लिहिते. लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून मिळवलेला नायट्रोजन, दोन्हींचं वजन जुळेना. फरक अगदी थोडा; पुढे नीट तपासल्यावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ साप्ताहिकाला पत्र लिहून वाचकांनाच विचारलं, की मी कोड्यात पडलो आहे, रसायनशास्त्र जाणणाऱ्या कुणाला कारण सुचतं का? तेही एक खुलं पत्रच होतं. त्या फरकाच्या मागे लागून १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झे यांना हवेत दडलेला आर्गॉन वायू सापडला, आणि १९०४ मध्ये एकाला भौतिकशास्त्राचं आणि दुसऱ्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या प्रयोगशाळेत अर्धा टक्का हा रीडिंग ‘जुळवून’ घ्यायला लागणारा फरक आहे. मला राहून राहून वाटतं, की रॅलेंची फाइल आपल्याकडे आली असती तर तिच्यावरही लाल शाईने ‘रिपीट’च पडलं असतं.

आता फाइलीतल्या लिखाणाबद्दल.

कृती कधी नीट वाचली आहे का? फाइल हिंदीत असो की इंग्रजीत, कृती सगळी आज्ञार्थी: दोरा घ्या, गोळी बांधा, वेळ मोजा. ही पाककृती झाली. अहवाल भूतकाळात असतो. मी दोरा चिरलेल्या कॉर्कमध्ये धरला, गोळी मध्यापासून इतकी बाजूला नेली, घड्याळाचं लघुतम माप इतकं होतं, तिसऱ्या रीडिंगच्या वेळी गोळी गोल फिरायला लागली म्हणून ते रीडिंग सोडून दिलं. असं लिहायला प्रयोग केलेला असावा लागतो. आज्ञार्थी कृती न करताही उतरवता येते. मागच्या बॅचची पीडीएफ मोबाईलवर असतेच, आणि आता तर मोबाईलच नवीन लिहूनही देतो. भूतकाळात, प्रथमपुरुषी, त्या दिवसाच्या तारखेसह लिहायला लावलं, तर उतरवणाऱ्याला निदान खोटं काय लिहायचं ते ठरवावं लागेल, आणि बहुतेक मुलं खोटं ठरवण्यापेक्षा प्रयोग करतील. मुलांवर माझा तेवढा विश्वास आहे.

खबरदारीचंही तसंच. ‘प्रयोग करताना पंखा बंद ठेवावा’ हे वाक्य मी शेकडो फाइलींत वाचलं, आणि ते लिहिलं जात असताना वर पंखा फिरत असायचा. एप्रिलमध्ये आपल्याकडे बंद ठेवूच शकत नाही. मग ‘पंखा सुरू होता’ असं लिहू द्या. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

आणि ‘मानवी त्रुटी’ हा शब्द कृपा करून बाद करा. त्रुटींचे स्रोत या मथळ्याखाली हे दोन शब्द लिहिले की मुलं सुटतात आणि आपणही सुटतो. कोणत्या माणसाची, किती? हे मोजता येतं. एकाने पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटीमीटर घसरून पकडली गेली, तर हाताला दोन दशांश सेकंद लागले. पाच मिनिटांचं काम, पट्टी प्रत्येकाकडे असते. (लोलकाच्या लयीत बटण दाबताना माणूस आधीच सावध असतो, त्यामुळे चूक याहून कमी होते. तीही शोधायला सांगा: तीच २० आंदोलनं दहा वेळा मोजायची आणि वेळा किती विखुरतात ते पाहायचं.) मग शेवटी ९८१.३७४६ असं कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून उतरवलेलं उत्तर येणार नाही. ९७५, अधिक-उणे १० असं येईल. त्या ‘अधिक-उणे’ला आज आपल्या बहुतेक फाइलींत जागाच नाही, आणि माझ्या मते सगळ्या अहवालात गुण द्यायचेच असतील तर ते तिथे द्यायला हवेत.

न्यूटनच्या कड्यांचं, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामध्ये दिसणाऱ्या कड्यांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढण्याच्या प्रयोगाचं, फार लिहीत नाही. तिथेही तेच. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात दोन रेषा आहेत, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम, आणि सगळ्यांचं उत्तर मधोमध ५८९३. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू पुढे-मागे फिरवला की मळसूत्रातल्या ढिलाईने रीडिंग चुकतं, म्हणून तो एकाच दिशेला फिरवत न्यायचा. फाइलीत हे सगळ्यांनी लिहिलेलं असतं. मी मात्र रोज स्क्रू दोन्हीकडे फिरताना पाहायचे.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. दोन तासांची बॅच, उपकरणं मोजकी, त्यातली काही बिघडलेली, आणि सत्र संपता संपता फाइलींचा ढीग. इतक्या फाइलींवर ‘का?’ लिहायला आणि मुलांची उत्तरं वाचायला वेळ कुठून आणायचा? त्यामुळे पाट्या टाकल्या जातात, तुमच्याकडून आणि मुलांकडून. म्हणून माझी पहिली विनंती अभ्यास मंडळाला आहे. वर्षाच्या प्रयोगांची यादी लांब ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण पूर्ण अहवाल त्यातल्या तीन-चारच प्रयोगांचा मागा. बाकीच्यांची नुसती निरीक्षणं, वहीत, शाईने. पेन्सिल आणि खोडरबर निरीक्षणांच्या पानावरून हद्दपार करा. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण लिहायचं. बॅच सुटायच्या आधी त्याच पानावर तुमची किंवा तंत्रज्ञाची सही. हे आम्ही आनंदाने करू. आम्हाला सह्या करायला आजवर कुणी सांगितलंच नाही.

दुसरी विनंती परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना. चिठ्ठी काढून प्रयोग मिळाला, की मुलाच्या डोक्यात एकच विचार असतो, एक्सटर्नलला कोणतं उत्तर हवं आहे. तुम्ही उत्तराकडे शेवटी पाहा. आधी विचारा, हे तिसरं रीडिंग असं का आलं? ज्याने मोजलं आहे तो सांगेल, अडखळत का होईना. आणि ते त्याला ज्या भाषेत सांगता येईल त्या भाषेत सांगू द्या. हिंदी, इंग्रजी, मराठी, इंदुरी मिसळ, काहीही. मी पाहिलं आहे, की अहवालात ‘फ्रिक्शन’ असं घोटून लिहिणारा मुलगा टेबलाशी “कॉर्क में धागा सरक रहा था” असं अगदी नेमकं कारण सांगतो. ते वाक्य अहवालात यायला हवं.

या शहरात कॅट आहे. १९८४ मध्ये तिची पायाभरणी झाली, आता तिचं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, पण आपण अजून कॅटच म्हणतो. तिथे ‘इंडस-२’ या कणत्वरक यंत्रात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशावर प्रयोग होतात. आमच्या मुलांपैकी कुणी कुणी तिथे जाण्याची स्वप्नं पाहतात, दोघं-तिघं तरी माझ्याजवळ तसं बोललेली आहेत. तिथे कुणी त्यांना येणारं उत्तर आधी सांगणार नाही. ज्याला तीन वर्षं उत्तर पाहून रीडिंग लिहायची सवय लागली, त्याने तिथे काय करायचं?

एक शेवटची गोष्ट, अगदी छोटी. माझ्या जागी आता कोण आहे मला माहीत नाही, पण डावीकडच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला होता. प्रत्येक गोळीचा व्यास, हुकाची लांबी, आणि कोणतं घड्याळ तासाला किती सेकंद मागे पडतं, ते त्यावर लिहिलं आहे. तुमच्या प्रयोगशाळेत असा कागद नसेल तर तंत्रज्ञाला करायला सांगा. दोन दुपारी लागतील. तो मुलांना आधी दाखवू नका. त्यांनी अहवाल लिहून झाल्यावर, रेषा का सरकली असा प्रश्न त्यांना पडला, की कपाट उघडा.

नवी बॅच आली की पहिल्या प्रॅक्टिकलला पुन्हा लोलकच निघेल. त्या दिवशी फळ्यावर ९८१ लिहू नये, एवढी विनंती.

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
इंदूर